मणेराची गाठ

भोरच्या बाजारपेठेत मन्सूर मणेराच्या गाठीची चेष्टाही व्हायची आणि तारीफही. काचेच्या बांगड्या डझना-डझनानं दोरीत ओवायच्या, दोरीची दोन्ही टोकं जुळवून एक वेढा द्यायचा, त्यावर दुसरा, आणि मग असा झटका द्यायचा की गाठ खड्यासारखी घट्ट बसली पाहिजे. त्याची गाठ एसटीच्या टपावर हादरे खाऊन सुटली नाही की ओढ्यात भिजून सैल पडली नाही. ती सोडायची कशी, हे त्याला आणि त्याच्या बायकोला, बद्रुन्निसाला, एवढंच ठाऊक.

"मन्सूरभाई, आमचा खोंड लई उधळतोय. बांधायला येता का?" शेजारच्या दुकानातला चिमाजी शिंपी म्हणायचा.

मन्सूर हसून सोडून द्यायचा. सैल बांधणाऱ्याचा माल वाटेत वाढतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं. बांगडी फुटली असं मणेराच्या घरात कोणी म्हणत नाही. वाढली म्हणतात. बायाबापड्यांच्या हातातला चुडा तो, त्याला फुटण्याचा शब्द लावायचा नाही.

धंदा दोघांचा मिळून होता. मन्सूर टोपली वाहायचा, माळा खांद्यावर टाकायचा. बांगड्या भरायच्या बद्रुन्निसानं. नसरापूरला एसटीतून उतरायचं आणि तिथून वेल्ह्याच्या अंगाला, राजगडाखालच्या पालीपर्यंत वाड्या-वाड्या करत पायी जायचं. बद्रुन्निसा हात बघून माणूस ओळखायची. कुणाचा अंगठा मागं वळत नाही, कुणाचं मनगट बाळंतपणात सुजलं, कुठल्या पोरीला सासरी खायला मिळत नाही, हे तिला तो हात आपल्या हातात घेतल्याबरोबर कळायचं. पाच वर्षांची असताना रडत रडत बांगड्या भरून घेतलेल्या पोरी आता स्वतःच्या लेकी पुढं करत होत्या.

डोंगराकडची अंगणं उतरती. त्यात पोरींची झुंबड. म्हणून ती बसायची ते पाय पुढं पसरून, आणि टोपली पायांच्या दोन्ही तळव्यांमध्ये धरायची. तळवे आत वळवून टोपलीला असे चिकटवायची की धक्का बसला तरी टोपली जागची हलत नसे. हात एकीच्या मनगटावर, नजर दुसरीच्या तोंडाकडं, आणि पाय टोपलीला. पायांकडं ती कधी बघायचीसुद्धा नाही.

सहासष्ट सालच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी दोघं पालीच्या पुढच्या एका वाडीवर होती. मणेराच्या वर्षातला हा सगळ्यात धांदलीचा दिवस. माहेरी आलेल्या लेकी, माहेरी जायला न मिळालेल्या सुना, सगळ्यांना हिरव्या बांगड्या आजच हव्या असतात. दिवस कलला तेव्हा टोपली निम्मी झाली होती. बद्रुन्निसा वाडीखालच्या ओढ्यावर हातपाय धुवायला उतरली आणि एकदम ओरडली. मन्सूर धावत पोचला तेव्हा गवतातून काहीतरी सळसळत पाण्याकडं जात होतं. तिच्या उजव्या घोट्यावर रक्त होतं.

त्यानं विचार केला नाही. खांद्यावरची एक माळ सोडली, बांगड्या गवतात ओतल्या आणि ती दोरी बायकोच्या गुडघ्याखाली आवळली. एक वेढा, दुसरा वेढा, झटका. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला हाडाचं टेंगूळ हाताला लागतं. गाठ बरोबर त्याच्यावर बसली.

वाडीतल्या बायांनी तिला उचलून पारूबाईच्या ओसरीवर आणलं. वाडीत पारूबाईचा शब्द चालायचा.

"दोरी कुनी बांधली?" तिनं विचारलं.

"म्या."

"मग आता तुमीच पळा, भाई. ज्यानं बांधली त्यानंच इख उतरवनाऱ्याला आनायचं, नि आल्यावर त्यानंच गाठ सोडायची. दुसऱ्याचा हात लागला तर इख वर चढतं. आमच्या हितं तसंच चालतं."

मन्सूर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पळाला. विष उतरवणारा घरी नव्हता. परत फिरेपर्यंत डोंगरात पाऊस कोसळला आणि ओढ्याला असा लोंढा आला की मन्सूरला पलीकडच्या काठावर सकाळपर्यंत बसून राहावं लागलं. अलीकडं बद्रुन्निसा म्हणत राहिली, पायाला मुंग्या आल्यात, पाय जळतोय, आणि मग पाय कळत नाही. बायांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरून हात फिरवले, पदरानं घाम पुसला. जीव लावायला कोणी कमी केलं नाही. गाठीला मात्र कोणी हात लावला नाही.

सकाळी पाणी उतरलं. मन्सूर चिखलानं भरलेला आला आणि त्यानं आपली गाठ सोडली. बद्रुन्निसा जिवंत होती.

"मन्सूरभाई, तुमच्या गाठीनं वाचली बगा!" पारूबाई रडत म्हणाली, आणि बाकीच्यांनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

बद्रुन्निसा वाचली, पण तिचं उजवं पाऊल गेलं. पाय जागेवर होता, टाचेनं जोर देता येत होता, पण पुढचा चवडा वर म्हणून उचलायचा नाही. पाय हवेत घेतला की पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबायचं. ते जमिनीला अडकू नये म्हणून तिला चिखलातून चालल्यासारखा गुडघा उंच घ्यावा लागे, आणि मग पाऊल फट्‌दिशी पडे. घरात ती कुठं आहे ते त्या आवाजावरून कळायचं. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, थोडं विष पायात राहिलं. तेलं झाली, शेक झाले, दर्ग्याचा अंगारा झाला. आणि मन्सूर जो भेटेल त्याला हकीकत सांगायचा. न्हाव्याकडं, चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर. कसा साप सळसळला, कशी त्यानं माळ ओतली, कसा झटका दिला. "पाय गेला तर गेला, मानूस राहिलं," असं म्हणून तो हकीकत संपवायचा. त्या हकिकतीवर त्याचं ते वर्ष तगून होतं.

फेरी मात्र बंद पडली. दोन महिने वाट बघून तो एकटाच टोपली घेऊन निघाला.

"बद्रूभाबी कुठाय?" वाडीवरच्या बायांनी विचारलं.

"पाय धरलाय तिचा."

"मग आमचं बी हात धरल्यात," एक जण म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मन्सूरनं एका नव्या सुनेचा हात धरला तर तिनं तो पदरात ओढून घेतला. एका म्हातारीनं हात दिला, पण त्याच्या बोटांना ते मनगट कळेना. दाबून चढवताना दोन बांगड्या वाढल्या आणि म्हातारीच्या हाताला ओरखडा आला.

"तुमी आपलं बैलं बांधा, भाई," पारूबाई म्हणाली. "भाबीला आना. तवर आमी जुन्याच घालतो."

भरलेली टोपली घेऊन तो घरी आला. बद्रुन्निसा उंबऱ्यावर बसून होती.

"सोनबाची सून बाळंत झाली का?"

"इचारलं न्हाई."

"ठकुबाईच्या लेकीला नेली का सासरच्यांनी?"

"ते बी न्हाई इचारलं."

"मग गेलता कशाला?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, त्याच्याकडं न बघता, "मला एकदा तिकडं जायाला पायजे. असं घरात बसून माझे हात आंधळे व्हायला लागलेत."

त्यांची लेक खुर्शिदा नसरापूरला दिली होती. तिनं आणि तिचा नवरा जलील यानं हट्टच धरला तेव्हा दुसऱ्या दिवाळीच्या सुमाराला मन्सूर बायकोला घेऊन पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात गेला. डॉक्टर पस्तिशीचे, आवाज खाली ठेवून बोलणारे होते. त्यांनी तिला चालायला लावलं, बसवलं, तळव्याला बोट लावून ढकलायला सांगितलं, तळवा आत वळवायला सांगितला. ते तिला जमलं. चवडा वर उचलायला सांगितला. ते जमलं नाही. मग गुडघ्याखाली त्यांचं बोट थांबलं. तिथं फिकट वळ अजून होता.

"इथं काय झालं होतं?"

मन्सूर पुढं सरसावला. हकीकत त्याच्या तोंडात तयारच होती. साप, माळ, झटका, सगळं त्यानं सांगितलं. गाठ सकाळी सोडली, हेही.

डॉक्टरांनी बद्रुन्निसाला विचारलं, "दात कसे लागले होते? दोन खुणा होत्या, की ओळीनं?"

"ओळीनं. करवतीवानी."

"डोळ्यांवर झापड आली? बोलता येईना, असं काही? जखमेतून रक्त वाहत राहिलं?"

"न्हाई. नुस्ता पाय जळत व्हता."

"ती दिवड असणार," डॉक्टर म्हणाले. "पाणदिवड. चावते, पण तिला विष नसतं. पाऊल उचलणारी नस या हाडावरून, अगदी कातडीखालून जाते. ती दाबली गेली. पाय सापानं गेलेला नाही, बाई. गाठीनं गेला."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

"बांधणारे तुम्ही पहिले नाही," डॉक्टर मन्सूरला म्हणाले. "सगळे बांधतात. वाचवायलाच बांधतात."

मन्सूरला वाटलं, या माणसानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती पायावरचं लुगडं नीट करत होती.

इतके महिने गेल्यावर नस आपोआप जागी होणार नाही, पण ऑपरेशन करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. बद्रुन्निसा नको म्हणाली. हाय तेवढा पाय राहू दे. मग त्यांनी एक पट्टा दिला. त्याचं एक टोक बुटाच्या चवड्याला, आणि दुसरं गुडघ्याखाली बांधायचं, म्हणजे पाऊल लोंबत नाही.

भोरला परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली. कात्रजच्या घाटात तिनं पिशवीतली भाकरी काढून निम्मी त्याला दिली. नसरापूरला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "खुर्शिदाला काय सांगू नका." एवढंच. गाठीबद्दल ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही. ती रडली असती, टाकून बोलली असती, तर मन्सूरला खाली मान घालून ऐकता आलं असतं. ती रोजच्यासारखी चहा पुढं ठेवत होती.

टपरीवर कोणी म्हणालं, "मन्सूरभाई, ते सापाचं सांगा की ह्या पावन्याला," तर तो उठून जायला लागला. लोकांना वाटलं, भाई चढेल झाला.

पट्टा बांधायचं काम त्याचं होतं. सकाळी ती बाजेवर बसून पाय पुढं करायची आणि तो खाली बसायचा. गुडघ्याखालच्या त्याच वळावर पट्टा गुंडाळायचा, आणि ओढायची वेळ आली की त्याच्या बोटांतला जीव जायचा. पट्टा सैल राहायचा. दहा पावलांत खाली घसरायचा आणि पाऊल पुन्हा फट्‌दिशी पडायचं. ती भिंतीला टेकून स्वतः आवळून घ्यायची. माळांचंही तसंच झालं. त्याच्या हातची गाठ सुटायला लागली. एकदा भर बाजारात एक आख्खी माळ दोरीवरून ओघळली आणि रस्ताभर हिरवी काच झाली. चिमाजी शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. चेष्टा करायचं त्याच्यासुद्धा जिवावर आलं.

डिसेंबरात पहाटे कोयनेचा भूकंप झाला. घरातल्या खुंट्यांवरच्या सगळ्या माळा एकदम वाजायला लागल्या, आणि मग कौलं. मन्सूर बायकोला धरून दाराकडं पळाला. पट्टा रात्री काढलेला होता. लोंबतं पाऊल उंबऱ्याला अडकलं आणि ती तोंडावर पडली, तिच्यावर तो पडला, आणि त्याच्या पाठीवर कौलांचा चुरा आला. कोणाला फारसं लागलं नाही. पेठेतली माणसं रस्त्यावर घोंगड्या पांघरून बसली होती, त्यांच्यात ती दोघं जाऊन बसली. उजाडलं तसं बद्रुन्निसा म्हणाली, "पुन्याला चला. काय कापायचं ते कापू द्या. उंबरा तरी वलांडता आला पायजे मला."

या वेळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस मेली आहे, पण तळवा आत वळवणारा स्नायू धडधाकट आहे. त्याचं खालचं टोक दोरीसारखं असतं. ती दोरी जागेवरून सोडवायची, नडगीच्या पुढच्या अंगाला आणायची आणि पावलावर पुन्हा बांधायची. मग जो स्नायू आजवर पाऊल आत ओढत होता, तोच ते वर उचलेल.

"बांधायची?" मन्सूरनं विचारलं.

"हो. शिवूनच टाकायची."

"घट्ट?"

"घट्टच बांधावी लागते. सैल राहिली तर सगळं फुकट."

त्या दिवशी ते वाक्य मन्सूरनं मनात बऱ्याचदा म्हणून पाहिलं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स बांगड्या उतरवायला आली. तिच्या हातात पक्कड होती. "काच चालत नाही आत. फोडाव्या लागतील."

"थांबा," मन्सूर म्हणाला. त्यानं साबण मागितला, बायकोचा हात हातात घेतला, अंगठा आत दुमडला आणि एकेक बांगडी अलगद उतरवली. एकही वाढली नाही. मोकळे हात घेऊन ती स्ट्रेचरवर आडवी झाली. लग्न झाल्यापासून त्यानं ते मनगट कधी उघडं पाहिलं नव्हतं.

पाय बरेच आठवडे प्लास्टरमध्ये होता. खुर्शिदा जवळ राहायची, मन्सूर भोरहून येऊन-जाऊन असायचा. शेजारच्या खाटेवर जाईबाई नावाची जुन्नरकडची म्हातारी होती, खुब्याचं हाड मोडलेली, जिभेनं मात्र ठणठणीत. प्लास्टर निघालं त्या दिवशी तीच पहिल्यांदा म्हणाली, "निगाला वाटतं खांब. आता नाचून दाव."

नाचणं दूरच. पाय वाळक्या लाकडासारखा झाला होता. नडगीपाशी आणि पावलावर लालसर व्रण. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, चष्मा लावणाऱ्या, चिकाटीच्या. त्या म्हणत, "पाऊल उचला, असं मनात म्हणूच नका. ती वाट बंद झाली आहे. तळवा आत वळवायचा, असं मनात आणा. पाऊल आपोआप वर येईल."

बद्रुन्निसा डोळे मिटून मनात आणायची. कपाळाला घाम यायचा. पाऊल ढिम्म हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

"अगं, सासूला लाथ घालायची हाय असं समज," जाईबाईनं सुचवलं.

"माझी सासू चांगली व्हती."

"मग माझी घे."

खाटांवरच्या बाया हसल्या, बद्रुन्निसाही हसली, पण मन्सूर आल्यावर त्याला म्हणाली, "कुठली दोरी नि कुठलं काय. मला ती सापडतच न्हाई. आत काय हाय तेच कळंना." डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण व्यायामाच्या बाईंना त्यांच्याशी दाराबाहेर हळू बोलताना मन्सूरनं पाहिलं होतं. त्याला एकच भीती होती. गाठ सैल बसली असेल. आपल्यावरून त्याला असंच वाटायचं.

त्या वॉर्डात निम्म्या बायांचे हात भुंडे होते. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांच्याच बांगड्या पकडीनं फोडलेल्या. जाईबाईला त्याचं फार लागलं होतं. "घरी म्हातारा जिता हाय नि म्या हितं असली बसली," ती मनगटं दाखवत म्हणायची. "मनेरीन शेजारी असून काय उपेग?" बद्रुन्निसानं ते मन्सूरला सांगितलं, आणि पुढच्या खेपेला तो भोरहून टोपली घेऊन आला. वॉर्डाच्या सिस्टरनं आधी नाही म्हटलं, मग स्वतःच्या मापाच्या आहेत का विचारलं.

खुर्शिदानं फरशीवर चटई टाकली. बद्रुन्निसा भिंतीला टेकून पाय पुढं करून बसली. चालत्या-फिरत्या बाया भोवती जमल्या, जाईबाईला खुर्चीत बसवून आणलं. मन्सूरनं टोपली बायकोच्या पायांशी ठेवली. दीड वर्षात पहिल्यांदा तिनं परक्या बाईचा हात हातात घेतला. जाईबाईचा अंगठा दाबून बघितला आणि म्हणाली, "ह्या हातानं लई दळलंय गं तू."

"तुला कसं कळलं?"

"गप बस. हात ढिला सोड."

मागून कोणीतरी वाकलं, टोपली कलली. बद्रुन्निसाचं लक्ष जाईबाईच्या मनगटावर होतं. तिचे तळवे सवयीनं टोपली धरायला आत वळले. डावा वळला. उजवा वळलाच नाही. तो टोपलीवरून सुटून सरळ वर उठला, चवडा छताकडं करून. एका अंगाचा आधार गेला तशी टोपली आडवी झाली आणि बांगड्या फरशीवर खळाळत गेल्या, खाटांखाली, दारापर्यंत.

"वाढल्या!" मन्सूरच्या तोंडून निघालं आणि तो गुडघ्यांवर काचा गोळा करायला धावला.

"हात लावू नका!" व्यायामाच्या बाई दारातून ओरडल्या. त्या बांगड्यांकडं बघत नव्हत्या. "बद्रुन्निसाबाई, आत्ता काय केलंत? पुन्हा करा. टोपली धरा."

"टोपली कुठाय आता," बद्रुन्निसा म्हणाली, आणि मग तिनं आपल्या पायाकडं पाहिलं.

मन्सूरनं रिकामी टोपली उचलून तिच्या तळव्यांमध्ये ठेवली. तिनं धरली. उजवं पाऊल पुन्हा वर आलं. फार नाही, पण आलं. व्रणाच्या खाली, कातडीआड, एक दोरी ताणलेली त्याला स्पष्ट दिसली. घट्ट बसलेली.

"टोपली धरायची म्हनून पाऊल वर जातंय व्हय?" जाईबाई म्हणाली. "उलटंच हाय की सगळं. माझ्या बांगड्या भर आधी."

त्यानंतर ती मनातल्या मनात टोपली धरायला शिकली. आधी खरी टोपली, मग नुसती आठवण. काठी घेऊन, मग काठीशिवाय. पाऊल पूर्वीसारखं झालं नाही. बोटं थोडी लोंबतच राहिली, आणि थकल्यावर ती पाय जरा जपून टाकायची. पण फट्‌दिशी आवाज गेला. घरात ती कुठं आहे हे मन्सूरला आता हाक मारून विचारावं लागे.

पुढच्या श्रावणात दोघं नसरापूरला उतरून पालीच्या वाटेला लागली. माळा मन्सूरच्या खांद्यावर होत्या. गाठी चिमाजी शिंप्यानं मारून दिल्या होत्या. वाडीवर पोचली तेव्हा पारूबाईनं बद्रुन्निसाला उंबऱ्यातच कवेत घेतलं. अंगणात चटई पडली, पोरींची झुंबड झाली, सोनबाच्या सुनेनं कडेवरचं पोर खाली ठेवून हात पुढं केला. टोपली धरायला या वेळी बद्रुन्निसानं दोन दगड लावून घेतले होते.

"मन्सूरभाई," पारूबाई म्हणाली, "ह्या नव्या सुनांना ठावं न्हाई. सांगा की, भाबीला कसं वाचवलं ते."

मन्सूरनं मान खाली घातली. त्याच्या हातात एक सुटी दोरी होती, ती तो उगाच बोटाला गुंडाळत राहिला.

"म्या सांगते," बद्रुन्निसा म्हणाली. ती बांगडी चढवत होती, थांबली नाही. "ती दिवड व्हती. तिला इख नसतं. पाय गेला तो दोरीनं."

पारूबाईचा हात तोंडावर गेला. मन्सूरला वाटलं, जमीन पुन्हा एकदा हालते आहे.

"म्हंजी आमी... तू पाय जळतोय म्हनत व्हतीस, नि आमी..."

"तुमी कशाला वाईट वाटून घेता?" बद्रुन्निसानं बांगडी मनगटाशी सरकवली आणि पोरीचा हात उलटून पाहिला. "गाठ कशी सोडायची ते मला येत व्हतं. माझे हात काय कुनी बांधले न्हवते. म्या बी तशीच पडून राहिले, ह्यांची वाट बगत. त्यांनीच बांधली, त्यांनीच येऊन सोडावी, असं मला बी वाटत व्हतं." मग बाकीच्यांकडं बघून म्हणाली, "आता कुनाला चावलं तर बांधत बसू नका. घोंगडीत घाला नि दवाखान्यात न्या. काय? आन दुसरा हात."

पारूबाई उठून आत गेली. बऱ्याच वेळानं डोळे पुसत चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप तिनं मन्सूरला दिला.

उन्हं उतरायच्या आत पुढची वाडी गाठायची होती. मन्सूर उरलेल्या बांगड्या दोरीत ओवायला लागला. एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि हात थांबला. त्यानं टोकं तशीच सैल सोडली. बद्रुन्निसा शेजारी उभी राहून बघत होती.

"ओढा," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. जवळच तर जायाचंय."

"वाटेत ओढा हाय. पडल्या तर?" तिनं उजवा पाय पुढं केला. लुगड्याच्या काठाखाली तो व्रण दिसत होता. "हितं आतली दोरी डाक्टरनं भिऊन बांधली आसती, तर म्या आज कुठं आसते? ओढा."

मन्सूरनं टोकं धरली, डोळे मिटले आणि झटका दिला. काच एकमेकीवर दाबून किणकिणली. गाठ बसली. त्यानं माळ उचलून हलवून पाहिली, आणि पुन्हा एकदा हलवून पाहिली.

"झालं का?" बद्रुन्निसा उतारावरून म्हणाली. ती केव्हाच पुढं निघाली होती. त्यानं टोपली डोक्यावर घेतली. वाटभर तो तिच्या मागं राहिला, आणि ओढ्याच्या ओल्या दगडांवर तिचं उजवं पाऊल दर वेळी वर येताना बघत राहिला.